पहाटे पाचचा हात

"डॉक्टरसमोर बोटं कशी शहाण्यावानी वागतेत बघ," आत्या म्हणाली. मोजमाप हा विषय मी पंधरा वर्षं शिकवते आहे, पण त्यातली सगळ्यात मोठी अडचण इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आली नव्हती.

आत्याचं गाव मानवत तालुक्यात. तिला आमवात होऊन नऊ वर्षं झाली. पहाटे पाचला उठते तेव्हा मूठ वळत नाही. पिठाचा डबा पोटाशी दाबून धरते आणि झाकण दोन्ही तळहातांनी फिरवून काढते. चहा होईपर्यंत बोटं थोडी सुटतात, सातच्या पुढे आणखी थोडी. मग एस.टी., परभणी, केसपेपरची रांग. बाराच्या सुमारास नंबर लागतो आणि डॉक्टर म्हणतात, "मावशी, मूठ वळवा बघू." मूठ वळते. पूर्ण नाही, पण वळते, आणि कागदावर तेच लिहिलं जातं. डॉक्टरांची यात काही चूक नाही. त्यांच्यासमोर बाराचा हात असतो. दुखणं पाचच्या हातात असतं.

हा पाचचा हात मोजायचा कसा, यावर जगभर बरंच काम चाललंय. मनगटावरची घड्याळं, सेन्सर शिवलेले हातमोजे, अंगठ्या, मोबाईल. मी डॉक्टर नाही, तंत्रनिकेतनात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. त्यामुळे यंत्राची बाजू मला पुस्तकातून कळली आणि हाताची बाजू आत्याच्या स्वयंपाकघरात.

आधी दुखण्याबद्दल. आमवात हा शब्द आयुर्वेदातला, पण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसला आपल्याकडे सर्रास तोच वापरतात. उतारवयात गुडघे झिजतात ते वेगळं. आमवातात रोगजंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. हे अस्तर एरवी पापुद्र्याएवढं पातळ असतं आणि सांध्याला वंगण पुरवतं. दाह सुरू झाला की ते सुजून जाड होतं, सांध्यातल्या कुर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीवर, चढतं आणि हळूहळू हाडाची कड पोखरतं. बायकांना हा आजार पुरुषांच्या दोन ते तीन पट होतो, आणि बहुतेकदा ऐन कामाच्या वयात. पुणे जिल्ह्यात भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून घरोघर जाऊन पाहणी केली, तेव्हा प्रौढांमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघालं. दोन हजार प्रौढांच्या गावात साधारण दहा जण. म्हणजे आपल्या प्रत्येक बऱ्यापैकी गावात आत्यासारख्या काही जणी असणार.

हातापुरतं बोलायचं तर आमवात धरतो तो मनगटाला, बोटांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांना आणि बोटांच्या मधल्या सांध्यांना. नखाजवळचा शेवटचा सांधा बहुधा सुटतो. तिथे गाठी असतील तर ती झीज असण्याची शक्यता जास्त. उपचार वेळेवर झाले नाहीत तर बोटं करंगळीच्या बाजूला कलत जातात, किंवा मधे मागे वाकून टोकाला पुढे झुकतात. डॉक्टर त्याला हंसाची मान म्हणतात. नाव फार सुंदर ठेवलंय, एवढंच मी म्हणेन.

आणि सकाळचा ताठरपणा. रात्रीच्या उत्तरार्धात दाह वाढवणारी रसायनं रक्तात चढतात आणि त्यांना आवर घालणारं शरीरातलं कॉर्टिसॉल अशा रुग्णात तेवढं पुरं पडत नाही. रात्रभर हात हललेलाही नसतो. म्हणून झुंजूमुंजू होताना बोटं लाकडासारखी होतात आणि हा ताठरपणा तासभर, कधी त्याहूनही जास्त टिकतो. १९८७ साली अमेरिकेतल्या सांधेतज्ज्ञांनी आमवात ओळखायचे जे निकष ठरवले त्यात 'किमान एक तास सकाळचा ताठरपणा' हा एक होता. २०१० च्या नव्या निकषांतून तो काढला. ताठरपणा इतर दुखण्यांतही येतो, त्यावरून आमवात वेगळा काढता येत नाही. निदानासाठी ते बरोबरच असेल. पण निदान झालेल्या बाईचा दिवस कसा सुरू होतो, हे ठरतं ते याच गोष्टीवरून. डिसेंबरात परभणीला थंडी पडली की कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. त्याच पहाटे आत्याची मूठ किती वळली याची नोंद कुठेच नसते.

काटा, कोनमापक आणि बीपीचा पट्टा

हात मोजायची साधनं नाहीत असं नाही. आमवात किती जोरात आहे हे ठरवायला डॉक्टर शरीरातले २८ सांधे दाबून पाहतात. किती दुखतात, किती सुजलेत, रक्तातला दाहाचा आकडा काय आणि पेशंटला स्वतःला कसं वाटतं, या चार गोष्टी एका सूत्रात घालून गुण काढतात. गुण २.६ च्या खाली असले तर आजार शांत, ५.१ च्या वर असले तर जोरात. या २८ सांध्यांचा हिशेब केला की गंमत कळते. खांदे, कोपरं आणि गुडघे मिळून सहा, उरलेले २२ दोन्ही हातांचे आणि मनगटांचे. आमवात मोजणं म्हणजे बऱ्याच अंशी हात मोजणं.

सूज आणि दुखणं यातून समजतं. हाताला काम किती होतं, हा प्रश्न वेगळा. त्यासाठी १९८० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात जेम्स फ्राईज आणि सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली केली, ती अजून जगभर चालते. कपडे घालता येतात का, डोकं धुता येतं का, नळ उघडता येतो का, बरणीचं झाकण फिरवता येतं का. शून्य म्हणजे सहज, तीन म्हणजे जमतच नाही. पुढे तिची भारतीय रूपंही झाली, त्यात मांडी घालून बसणं वगैरे आपल्या गोष्टी आल्या. प्रश्नावली चांगली आहे, फक्त उत्तर आठवणीवर अवलंबून असतं. "मागच्या आठवड्यात झाकण उघडता आलं का?" असं विचारलं तर आत्या म्हणते, "उघडलं की." पोटाशी दाबून उघडलं हे ती सांगत नाही, कारण तिच्या मते डबा असाच उघडतात. नऊ वर्षांत तिला दुसरी पद्धत आठवतही नसेल.

कोन मोजायला गोनिओमीटर असतो. कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन दांडे लावावेत तसा. बोटाच्या पाठीवर ठेवायचा आणि सांधा किती वाकतो ते वाचायचं. पण एकाच बोटाचा कोन दोन माणसांनी मोजला की सहज पाच अंशांचा फरक पडतो. मग तीन महिन्यांनी चार अंश सुधारणा दिसली तर ती औषधाची की मोजणाऱ्याची, हे सांगता येत नाही. वर्गात मी हे मुलांना फळ्यावर लिहून देते: मापकाची चूक जेवढी, त्याहून लहान बदल दिसलाच नाही असं समजा.

पकड मोजायला दाबायचं यंत्र असतं, त्यावर किलोत आकडा येतो. दुखऱ्या हाताला त्याचा कडक दांडा बोचतो. जुन्या औषध-चाचण्यांत यावर एक झकास युक्ती वापरायचे: बीपीचा पट्टा गुंडाळायचा, त्यात २० मिलिमीटर पाऱ्याइतकी हवा भरायची आणि पेशंटला तो पिळायला सांगायचा. पारा जितका चढेल तेवढी पकड. मऊ असल्यामुळे बोचत नाही, आणि बीपीचं यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही असतं. नव्या सेन्सरांबद्दल लिहिताना हे मुद्दाम सांगते, कारण मोजायला महागडंच काहीतरी लागतं असा आमच्या धंद्यातल्या लोकांचा समज असतो.

आत्याच्या हाताचं सगळ्यात पहिलं मापन मात्र कुठल्याच दवाखान्यात झालं नाही. ते झालं कापसाच्या शेतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. संध्याकाळी बांधावर काटा लागतो आणि ज्याच्या त्याच्या गाठोड्याचं वजन वहीत चढतं. कापूस वेचायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट एकत्र यावं लागतं. उमललेल्या बोंडाची वाळलेली टोकं टोचतात, त्यांच्या मधून बोटं घालून सरकीसकट कापूस एका ओढीत काढायचा. दिवसभरात हे किती वेळा होत असेल! हाताचे डॉक्टर ज्याला तीन बोटांची चिमट म्हणून तपासतात, त्याची यापेक्षा कठीण परीक्षा मला माहीत नाही. दुखणं सुरू झालं त्या वर्षी दसऱ्यानंतर आत्याच्या गाठोड्याचं वजन सोबतच्या बायकांपेक्षा रोज कमी भरायला लागलं. मुकादम म्हणाला, "काऊन, मन लागंना का?" सूज दिसायच्या आधी कित्येक आठवडे ते वहीत लिहिलेलं होतं.

सेन्सर आत काय करतो

एस.टी.च्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे जातात. बस थांबते, अंग थांबत नाही. डोळे मिटून उभे असाल तरी अंगाला बसलेल्या हिसक्यावरून बस किती जोरात थांबली ते कळतं. घड्याळातला ॲक्सेलरोमीटर म्हणजे असाच एक उभा प्रवासी. सिलिकॉनच्या चिपमध्ये केसाहून बारीक स्प्रिंगांवर एक सूक्ष्म वजन टांगलेलं असतं. हात हलला की ते वजन मागे-पुढे सरकतं, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि तो बदल विजेच्या रूपात मोजला जातो. उभं, आडवं, पुढे-मागे अशा तीन दिशांना. हात स्थिर असला तरी पृथ्वी त्या वजनाला खाली ओढतच असते, त्यामुळे मनगट पालथं आहे की उताणं हेही समजतं.

त्याचा जोडीदार जायरोस्कोप. त्यात एक वजन सतत थरथरत ठेवलेलं असतं. चिप गोल फिरली की ते थरथरणं बाजूला कलतं आणि किती वेगाने फिरली ते कळतं. किल्ली फिरवणं, ओला कपडा पिळणं, तव्यावर भाकरी टाकताना पंजा उलटा करणं, ही सगळी जायरोस्कोपची कामं.

तिसरा प्रकार वाकणाऱ्या पट्टीचा. प्लॅस्टिकच्या लवचिक पट्टीवर विजेला अडवणाऱ्या शाईचा थर असतो. पट्टी वाकवली की थर ताणला जातो, अडथळा वाढतो. ही पट्टी हातमोज्याच्या बोटावर शिवली की बोट किती वाकलं ते आकड्यात येतं. ही कल्पना जुनी आहे. पहिला असा हातमोजा १९७७ साली शिकागोत झाला, पट्टीऐवजी लवचिक नळीतून उजेड सोडून. १९८९ साली निन्टेंडोच्या खेळासाठी शाईच्या पट्टीचा हातमोजा बाजारात आला. जो सेन्सर पोरांच्या व्हिडिओ गेमसाठी खपला, तोच पुढे आजारी हातांच्या कामी आला.

आणि आकडे किती! सेकंदाला ५० वेळा, तीन दिशांना मोजलं तर एका दिवसात १ कोटी २९ लाख ६० हजार आकडे जमा होतात. ते कोणी वाचत बसत नाही. त्यातून संगणक मोजक्या गोष्टी वेचून काढतो: सांधा किती अंशांत फिरला, किती वेगाने, हालचाल सलग झाली की अडखळत, मूठ दहा वेळा उघडझाप केली तर पहिल्या आणि दहाव्या वेळेत किती फरक पडला. शेवटची गोष्ट माझ्या मते सगळ्यात कामाची. ताठरलेला हात पहिल्या दोन-तीन वेळा चिकटतो, मग सुटतो. हीच चाचणी पहाटे पाच, सहा, सात वाजता केली तर ताठरपणा कधी ओसरला याची वेळ निघते. "तासभर असतो" यापेक्षा ते बरंच ठाम उत्तर आहे.

आमचा हातमोजा

हे सगळं वाचून मी आणि माझ्या अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांनी एक हातमोजा केला. सुती मोजा, पाच पट्ट्या, एक छोटी सर्किटची पाटी. प्रयोगशाळेत तो उत्तम चालला. पोरांनी मुठी वळल्या, पडद्यावर रेषा वरखाली झाल्या, टाळ्या झाल्या. दिवाळीच्या सुट्टीत मी तो आत्याकडे नेला.

आत्याचा हात त्यात गेलाच नाही.

मधल्या सांध्यांवरची सूज मोज्याच्या बोटात अडकली. मी ओढायला गेले तर तिने "अगं माय" म्हणून हात काढून घेतला. ज्या हातासाठी मोजा केला त्याच हाताला तो घालता येत नव्हता, आणि पाच धडधाकट माणसांना तीन महिन्यांत हे सुचलं नव्हतं. मी मोजा उसवून पाठीवर बंद लावले. हात सपाट ठेवून वरून बांधायचा, असा. त्यात हात गेला. मग दुसरी अडचण उभी राहिली. सेन्सरला आधी दोन टोकं शिकवावी लागतात: हा सरळ पंजा, ही पूर्ण मूठ. मधलं सगळं तो या दोहोंवरून काढतो. आत्याचा पंजा टेबलावर सपाट टेकत नव्हता आणि मूठ पूर्ण वळत नव्हती. आमच्या यंत्राने तिची अर्धी मूठ ही पूर्ण मूठ धरली आणि दिवसभर तिला शंभर टक्के गुण देत राहिलं. आजारी हाताचाच गज केला आणि त्याच गजाने तो हात मोजला!

उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर विद्यापीठातल्या आणि आयर्लंडमधल्या कॉर्कच्या टिंडल संस्थेतल्या संशोधकांनी आमवातासाठीच केलेला हातमोजा यातून वेगळ्या वाटेने गेला. त्यांचं काम २०१८ साली छापून आलं. त्यांनी वाकणाऱ्या पट्ट्या सोडल्या आणि बोटाच्या हाडांवर छोटे ॲक्सेलरोमीटर-जायरोस्कोप बसवले. सांध्याच्या अलीकडचा भाग किती कललाय, पलीकडचा किती, त्यांतला फरक म्हणजे सांध्याचा कोन. मूठ पूर्ण वळो न वळो, कोन खरा येतो. त्यातही अडचणी आहेतच. जायरोस्कोपची चूक मिनिटागणिक साठत जाते, घड्याळ रोज थोडं मागे पडावं तशी, आणि ती मधूनमधून शून्यावर आणावी लागते. शिवाय हातमोजा घालून कोणी कणीक मळत नाही. तो चाचणीपुरता ठीक आहे, पाच-दहा मिनिटं, रोज ठरलेल्या वेळी.

अंगठीचा विचारही केला होता. आत्या हसली. तिची लग्नातली अंगठी आजाराच्या सातव्या वर्षी सोनाराकडून कापून काढावी लागली होती.

घड्याळ, बांगड्या आणि भाकरी

उरलं मनगट. तिथे घड्याळ बांधून दिवसभर कामं करता येतात. म्हणून बहुतेक अभ्यास आता घड्याळांकडे आणि मोबाईलकडे वळलेत. २०१६ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीने अमेरिकेत आयफोनवर एक अभ्यास केला, त्यात ३९९ लोक आले. फोन हातात धरून मनगट वर-खाली करायचं आणि फोनमधला जायरोस्कोप कोन मोजणार. कुठलंही वेगळं यंत्र नाही. फ्रान्समध्ये १५५ रुग्णांवर तीन महिने झालेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही जण आमवाताचे होते, काही मणक्याच्या वाताचे. मोजली फक्त पावलं. दर आठवड्याला रुग्णांना विचारलं, दुखणं उफाळलं का? मग संगणकाला पावलांच्या घटीवरून तेच ओळखायला लावलं, तर शंभरातले ९६ उफाळे त्याने बरोबर पकडले. हात नव्हे, पाय मोजून. आकडा मोठा दिसतो, पण तो त्या १५५ लोकांचा आहे हे लक्षात ठेवावं.

मी एक साधं घड्याळ आत्याच्या उजव्या हाताला बांधलं. उजव्या, कारण थापायचा हात तो. पहिला दिवस बांगड्यांनी खाल्ला. हिरव्या काचेच्या बांगड्या घड्याळावर आपटत होत्या आणि प्रत्येक आपटीचा सेन्सरमध्ये एक काटा उठत होता. "बांगड्या काढ" असं मी म्हणणार नव्हते आणि तिने ऐकलंही नसतं. घड्याळ बांगड्यांच्या वर, कोपराकडे सरकवून बांधलं तेव्हा कुठे आलेख वाचण्याजोगा झाला.

त्या आलेखात भाकरी स्पष्ट दिसते. मला अजून त्याचं नवल वाटतं. आधी मळणं: तळहाताचा संथ, जड रेटा, पुढे-मागे, पुढे-मागे. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून उकळतं पाणी घालून बराच वेळ मळावं लागतं, आणि लाटण्याने जमत नाही म्हणून थापावं लागतं. मग उंड्याचं गोल फिरणं. मग थापा: टोकदार काट्यांची सरळ रांग, ठेका धरल्यासारखी, आणि प्रत्येक थापेबरोबर भाकरी काटवटीत थोडीशी फिरते त्याचा बारीक हिसका. शेवटी जायरोस्कोपची एकच मोठी लाट: भाकरी तव्यावर उलटी पडली. सकाळच्या पहिल्या भाकरीत थापा विरळ होत्या आणि मधेमधे खंड होता. पाचव्या भाकरीपर्यंत ठेका लागला होता. हात सुटताना डोळ्यांनी दिसावा तसा.

घड्याळाच्या स्वतःच्या पडद्यावर मात्र वेगळंच चाललं होतं. भाकऱ्या होईपर्यंत त्याने शेकडो पावलं मोजून ठेवली होती. ठेक्यात हलणारं मनगट म्हणजे चालणारा माणूस, एवढंच त्याला कोणी शिकवलेलं. मग ती कमरेवर घागर घेऊन हौदावरून आली. हात घागरीला, मनगट स्थिर, तर ते चालणं त्याने मोजलंच नाही. आत्याला मी हे सांगितलं तर म्हणाली, "बसल्या जागी चालले म्हण की!"

हा विनोद इथेच संपत नाही. हालचाल ओळखणारे संगणक उदाहरणांवर शिकतात. ती उदाहरणं शर्टाची बटणं लावणारी, कीबोर्ड बडवणारी, दाराची मूठ फिरवणारी माणसं असतील, तर थापणं, धुणं आपटणं, वेचणी त्यांच्या पाटीवरच नाही. आत्याचा हात बिघडला की बरा झाला, हे त्या संगणकाने कुठल्या कामावरून सांगायचं?

दुसरी मर्यादा मला आलेखात नाही, तिच्याशेजारी पाटावर बसल्यावर दिसली. आत्या आता बोटांनी थापत नाही. बोटं वर उचलून तळहाताच्या गादीने थापते. घड्याळाला थाप दिसते, बोट दिसत नाही. काम तेवढंच, ठेका तोच, आणि बोटं गेलेली. मनगटावरचा सेन्सर हात किती चालला हे सांगतो. बोटं किती वळली हे बोटावर बसवलेलाच सांगेल. रोग बोटात, घड्याळ मनगटात, आणि त्या चार इंचांत बरंच काही निसटतं.

दुखणं तर कुठल्याच सेन्सरला कळत नाही. कमी हालचाल म्हणजे त्रास वाढला असं यंत्र धरून चालतं. गावात पाऊस लागून काम बंद असेल, कोणाचं लग्न असेल, सून बाळंतपण उरकून माहेराहून परत आली असेल, तरी हात कमी चालतो. उलट अंगात ठणका असताना पाहुणे आले म्हणून वीस भाकऱ्या टाकणारी बाई यंत्राला ठणठणीत दिसते.

तरीही मी याच्या बाजूने आहे. सांधेतज्ज्ञ परभणीसारख्या ठिकाणी सहज मिळत नाहीत. लोक संभाजीनगर गाठतात, पुणे नाहीतर हैदराबाद. दोन भेटींत महिने जातात आणि आमवातात सुरुवातीचे महिनेच मोलाचे असतात, कारण हाड एकदा पोखरलं की परत भरत नाही. मधल्या काळात हाताचं काय चाललंय याची रोजची रेघ डॉक्टरांसमोर असेल, औषध लागू पडतंय की नाही हे चार आठवडे आधी कळेल, तर बोटं वाचतील. पण ही रेघ डॉक्टरांनी वाचायची. बाजारातलं घड्याळ हे वैद्यकीय उपकरण नव्हे. त्यावर काही बरंवाईट दिसलं म्हणून औषध स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये. आमवातात नेहमी दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं. आणि आपल्या हाताचे ते कोट्यवधी आकडे कोणाच्या सर्व्हरवर जातात हेही विचारावं. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय. संमती मागितली जाते तेव्हा 'मान्य'वर बोट टेकवण्याआधी ती वाचून घेण्याचा हक्क आत्यालाही आहे.

घड्याळ मी आठवड्याने परत आणलं. चार्जिंग रोज करायचं, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. त्याऐवजी चुलीशेजारच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्या चौकोनात आत्या आता रोज एक वेळ लिहिते. पहिली भाकरी तव्यावर पडली ती वेळ. पाच चाळीस, पाच पंचावन्न, सहा दहा. थंडीत आकडे पुढे सरकतात, औषध बदललं त्या महिन्यात मागे आले. पेन जाड लागतं, बारीक पेन तिच्या हातात धरवत नाही.

मागच्या खेपेला ते पान फाडून ती दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी चष्मा वर करून सगळा महिना वाचला आणि मधल्या पाच रिकाम्या चौकोनांवर बोट ठेवलं.

"मावशी, इथं काय झालं? लई त्रास होता का?"

"नाही," आत्या म्हणाली. "लेक आली होती. भाकऱ्या तिनं केल्या."